चौदा दिवसांत उसाचे पैसे येतात कुठून?

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते काळभैरवनाथामुळे. दिवाळी सरली की याच गावाकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते, कारण भैरवनाथ शुगर वर्क्स हा खासगी साखर कारखाना इथे आहे. जवळच सीना-कोळेगाव धरण आहे. धरण भरले की परिसरात ऊस वाढतो, आणि धरण तळाला गेले की ऊस वैरणीला जातो.

काट्यावर ट्रॉली उभी राहिली की शेतकऱ्याच्या मनात वजनाइतकाच आणखी एक प्रश्न असतो : बिल कधी? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो की ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. इथेच कोडे सुरू होते. आज तोडलेल्या उसाची साखर एक-दोन दिवसांत पोत्यात जाते, पण ती विकली कधी जाते? साखर बनते पाच-सहा महिन्यांत आणि खाल्ली जाते बारा महिने. शिवाय कोणत्या कारखान्याने कोणत्या महिन्यात किती साखर विकायची, याचा कोटा जून २०१८ पासून केंद्र सरकार ठरवून देते. म्हणजे डिसेंबरात भरलेले पोते पुढच्या श्रावणातही गोदामातच असू शकते. मग चौदाव्या दिवशी द्यायचे पैसे येतात कुठून? आणि जेव्हा ते येत नाहीत, तेव्हा नेमके काय बिघडलेले असते?

हे समजून घेण्यासाठी कारखान्याचा पैसा कसा उभा राहतो, त्यातली जोखीम कोण उचलतो आणि कायदा मध्ये कुठे उभा आहे, हे पाहावे लागते. पुढची आकडेमोड समजावण्यापुरती आहे. ती सोनारीच्या किंवा अन्य कोणत्याही एका कारखान्याची नाही.

विहिरीचे कर्ज, बियाण्याचे कर्ज

शेतकरी दोन प्रकारची कर्जे काढतो. विहीर खोदायला काढलेले कर्ज सात-आठ वर्षांत फेडायचे असते, कारण विहीर एका हंगामात आपली किंमत वसूल करून देत नाही. बियाणे-खतासाठी काढलेले पीककर्ज मात्र पीक निघाले की फेडायचे. विहिरीसाठी पीककर्ज वापरले तर पहिल्याच वर्षी गळ्याशी येते, हे कुणी शिकवावे लागत नाही.

कारखान्याचेही तसेच आहे. जमीन, गिरण्या, बॉयलर, आसवनी, वीजनिर्मितीचा संच हे सगळे त्याच्या विहिरीसारखे. त्यासाठी लागतो तो दीर्घ मुदतीचा पैसा, आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट स्वतःच्या भांडवलाची. हे पैसे परत करण्याची तारीख नसते. नफा झाला तर मालकाला मिळतो, तोटा झाला तर आधी याच भांडवलातून वजा होतो. दुसरी वाट मुदत कर्जाची. त्याला व्याज आहे, हप्ता आहे, आणि पाऊस पडो न पडो तो हप्ता येतोच.

सहकारी कारखान्यात स्वतःचे भांडवल सभासदांच्या भागांतून उभे राहते. प्रवरानगरचा कारखाना १९४८ साली नोंदला गेला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांना गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करावे लागले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. नंतर राज्यात एक साचा रुळला. ढोबळमानाने, सभासदांनी १० टक्के उभे करायचे, ३० टक्के भागभांडवल शासनाने द्यायचे आणि उरलेले ६० टक्के कर्ज काढायचे. दुष्काळी भागातही कारखाने उभे राहिले ते या साच्यामुळे. पण त्यातच एक कमकुवत जागा होती. ज्याचा स्वतःचा रुपया दहात एकच आहे, त्याला तोटा सोसायची ताकद किती असणार? दोन वाईट हंगाम आले की ते भांडवल झिजून जाते. देणी वजा जाता स्वतःचे म्हणून जे उरते त्याला नक्त मूल्य म्हणतात. ते उणे झाले की नवे कर्ज देताना बँकेचा हात आखडतो, आणि कर्ज नसेल तर पुढचा हंगाम आणखी वाईट जातो.

खासगी कारखान्यात प्रवर्तक स्वतःचे पैसे घालतात आणि बँका उरलेले देतात. केंद्राने ऑगस्ट १९९८ मध्ये साखर उद्योगासाठीची औद्योगिक परवान्याची सक्ती रद्द केल्यावर ही वाट मोकळी झाली. त्यानंतर मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात खासगी धुराडी वाढली.

गोदामाची किल्ली बँकेकडे

कारखान्याचे 'पीककर्ज' जास्त गुंतागुंतीचे आहे आणि कोड्याचे उत्तर त्यातच आहे.

हंगामाच्या आधी, पावसाळ्यातच खर्च सुरू होतो. यंत्रांची दुरुस्ती करायची असते. ऊसतोडीच्या मुकादमांना आणि वाहतूक ठेकेदारांना उचल द्यायची असते, नाहीतर दिवाळीनंतर बीड-धाराशिवच्या वाड्या-वस्त्यांवरून निघणाऱ्या टोळ्या दुसऱ्या कारखान्याकडे जातात. या काळात विकायला साखर नसते. म्हणून बँक पूर्वहंगामी कर्ज देते. उचल घेऊन टोळी आलीच नाही, तर ते पैसे परत मिळवणे फार अवघड असते. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हा धोका किरकोळ वाटेल, पण कारखान्यांच्या ताळेबंदात मुकादमांकडची जुनी येणी वर्षानुवर्षे पडून असतात.

मोळी टाकून गाळप सुरू झाले की माल तारण कर्ज सुरू होते. रोज तयार होणारी साखर गोदामात जाते आणि ती बँकेकडे गहाण पडते. गोदामावर बँकेचा ताबा असतो. पैसे भरल्याशिवाय पोते बाहेर पडत नाही. या तारणावर बँक उचल देते, आणि त्यातून उसाचे बिल भागते. थोडक्यात, चौदाव्या दिवशी शेतकऱ्याच्या खात्यावर येतो तो पैसा साखर विकून आलेला नसतो. न विकलेल्या साखरेवर काढलेल्या कर्जाचा असतो.

मळी, भांडारातला माल किंवा कारखान्याच्याच ताब्यात राहणाऱ्या अशा वस्तूंवर मिळते ते नजरगहाण कर्ज. यात माल कारखान्याकडेच असतो, हक्क बँकेचा असतो. ताबा नसल्यामुळे बँकेची जोखीम जास्त असते.

आता बँक किती उचल देते ते पाहू. राज्य सहकारी बँक बाजारातले अलीकडचे भाव पाहून साखरेचे मूल्यांकन ठरवते. पण पूर्ण किमतीइतकी उचल कोणतीच बँक देत नाही. भाव पडला तर तारण अपुरे ठरू नये म्हणून १०-१५ टक्के रक्कम ती राखून ठेवते. याला बँकेच्या भाषेत दुरावा म्हणतात. उरलेल्यातूनही जुन्या कर्जाच्या हप्त्यापोटी पोत्यामागे ठरावीक रक्कम आधीच कापली जाते (हे टॅगिंग), आणि प्रक्रिया खर्चासाठी काही बाजूला काढले जाते. जे उरते ते उसासाठी.

चौकट : एका क्विंटल साखरेचा हिशेब
बँकेने धरलेली किंमत (मानलेली) : ३,५०० रुपये
१५ टक्के दुरावा वजा जाता उचल : २,९७५ रुपये
जुन्या हप्त्यापोटी कपात (मानलेली) : ५०० रुपये
प्रक्रिया खर्च (मानलेला) : २५० रुपये
उसासाठी उरलेले : २,२२५ रुपये
एवढ्या साखरेला लागलेल्या उसाचा एफआरपी (कायद्याने ठरलेला किमान ऊसदर), १०.२५ टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) धरून, २०२५-२६ च्या दराने : सुमारे ३,४६३ रुपये
तूट : सुमारे १,२३८ रुपये

ही तूट कुठून भरायची? ज्याच्याकडे आसवनी आहे तो इथेनॉलच्या पैशातून भरतो, ज्याच्याकडे सहवीज आहे तो विजेच्या बिलातून. ज्याच्या जुन्या कर्जाचा डोंगर नाही त्याची टॅगिंगची कपात वाचते. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, तो पहिली उचल कमी देतो आणि बाकीचे 'नंतर' म्हणतो. ते 'नंतर' म्हणजे शेतकऱ्याकडून घेतलेले कर्ज असते. त्याला ना तारण, ना करारपत्र. बहुतेक वेळा शेतकऱ्यालाही माहीत नसते की आपण सावकार झालो आहोत.

खरेदीचा दर ठरलेला, विक्रीचा नाही

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २००९ साली जुन्या किमान दराच्या जागी तो आला. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र सरकार दर ठरवते, आणि त्यापेक्षा कमी देणे बेकायदा आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला तो क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. उतारा ०.१ टक्का वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो, म्हणून शेतकऱ्याच्या हातात पडणारा आकडा बराच कमी असतो.

दुसऱ्या बाजूला साखरेचा किमान विक्री दर आहे. जून २०१८ मध्ये तो किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला. २०२५-२६ चा एफआरपी जाहीर झाला तेव्हाही तो ३१ रुपयेच होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०१८-१९ मध्ये १० टक्के उताऱ्याचा टनाचा एफआरपी २,७५० रुपये होता आणि त्या टनातली १०० किलो साखर किमान दराने ३,१०० रुपयांची होत होती. म्हणजे भाव तळाला गेला तरी उसाचे पैसे निघून ३५० रुपये उरत. २०२५-२६ मध्ये टनाला ३,५५० रुपये द्यायचे आणि त्यातली १०२.५ किलो साखर किमान दराने ३,१७७ रुपयांची होते. तळाचा दर आता उसाच्या किमतीच्याही खाली गेला आहे. बाजारभाव या तळाच्या वर असतो म्हणून गाडा चालतो. पण बँक जेव्हा 'भाव पडला तर' असा विचार करते, तेव्हा पूर्वी खाली जी फळी होती ती आता राहिलेली नाही.

चढ्या भावातही हिशेब फार सैल नाही. क्विंटलला ३,६०० रुपये भाव मिळाला, तर टनभर उसातल्या साखरेचे ३,६९० रुपये येतात. उसाचे ३,५५० गेले की उरतात १४० रुपये, आणि त्यात पगार, रसायने, दुरुस्ती, व्याज सगळे बसवायचे. म्हणून मळी, बगॅस आणि त्यांपासून होणारे इथेनॉल-वीज यांना 'उपपदार्थ' म्हणणे आता दिशाभूल करणारे आहे. कारखान्याचा खरा नफा असेल तर तो तिथेच असतो.

सीना कोरडी पडते तेव्हा

कारखान्याच्या जोखमींत भावाची जोखीम सगळ्यांना दिसते. आमच्या भागात त्याहून मोठी जोखीम पावसाची आहे. समजा, २,५०० टन रोजच्या गाळप क्षमतेचा कारखाना आहे आणि पगार, हप्ते, देखभाल मिळून त्याचा ठरलेला वार्षिक खर्च साडेबावीस कोटी आहे. १५० दिवस गाळप चालले तर पावणेचार लाख टन ऊस गाळला जातो आणि हा खर्च टनामागे ६०० रुपये पडतो. दुष्काळात ऊस नसल्याने ६० दिवसांतच धुराडे थांबले, तर दीड लाख टनावर तोच खर्च १,५०० रुपये पडतो. कारखाना तोच, कामगार तेच, साखरेचा भावही तोच. फक्त पाऊस कमी पडला, आणि टनामागे ९०० रुपयांचा फरक आला.

२०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांनी मराठवाड्याला हेच दाखवले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात उसावर चालणाऱ्या कारखान्याला पंधरा वर्षांचे कर्ज देणे म्हणजे पंधरा पावसाळ्यांवर विश्वास टाकणे आहे. अशा ठिकाणी स्वतःचे भांडवल जास्त आणि कर्ज कमी असायला हवे. प्रत्यक्षात अनेक वर्षे उलटेच घडले, आणि माझ्या मते मराठवाड्यातल्या आजारी कारखान्यांचे पहिले कारण तेच आहे. गैरव्यवहार असतील तिथे त्यांची चौकशी व्हावी, पण कोरडवाहू जिल्ह्यात बागायती जिल्ह्याइतके कर्ज चढवणे हीच मुळातली चूक होती.

याचा फटका कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. धाराशिव जिल्ह्यात ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी या सहकारी कारखान्यांकडे जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कर्ज अडकले. बँकेत ठेव कुणाची? बहुधा त्याच शेतकऱ्याची. कारखान्यात भाग कुणाचा? त्याचाच. उसाचे बिल कुणाचे थकले? त्याचेच. आणि पुढच्या हंगामाचे पीककर्ज गावच्या विकास सोसायटीमार्फत जिथून यायचे, ती बँकही तीच. एकाच माणसाने चार वेगवेगळ्या नावांनी एकच जोखीम उचलली होती. तेरणा दीर्घकाळ बंद राहिला आणि पुढे भाडेतत्त्वावर देऊन त्याचे धुराडे पुन्हा पेटवावे लागले.

राज्य पातळीवरही हे झाले. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त होऊन प्रशासक आले. साखर कारखान्यांना दिलेली कर्जे हा त्या कारवाईवरच्या चर्चेच्या केंद्रस्थानी असलेला विषय होता. बँकांवर नियम घट्ट असतात ते यासाठीच. हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकले की ते कर्ज अनुत्पादक धरावे लागते आणि त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. बँकेने कारखान्याला नकार दिला की आपल्याला राग येतो, पण ती नकार देते तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी ठेव राखत असते.

सरकारही एक जोखीम असते

नियमांनी जोखीम कमी होते, तशी कधी कधी नियमांतूनच ती निर्माण होते. इथेनॉलची गोष्ट याचे सर्वांत ताजे उदाहरण आहे.

२०१८ पासून केंद्राने कारखान्यांना आसवनी उभारण्यासाठी प्रोत्साहन दिले. कर्जावरचे निम्मे व्याज किंवा ६ टक्के, यांपैकी जे कमी ते पाच वर्षे सरकार भरणार होते. तेल कंपन्या ठरलेल्या दराने इथेनॉल घेणार आणि पैसे काही आठवड्यांत देणार होत्या. कारखाना, तेल कंपनी आणि बँक असा तिहेरी करार झाला की इथेनॉलचे पैसे थेट बँकेतल्या खात्यात येणार. साखरेसारखे वर्षभर गोदामात पडून राहणे नाही. बँकांनाही हे आवडले आणि कर्जे झाली.

मग २०२३ चा पावसाळा कमी झाला. साखर कमी पडेल या काळजीने ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने मनाई केली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली आणि १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घातली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी बंधने उठली. साखर ग्राहकाला परवडावी हा हेतू चुकीचा नव्हता. पण प्रोत्साहनावर विसंबून ज्याने कर्ज काढले, त्याचा हप्ता त्या डिसेंबरात थांबला नव्हता. हंगामाच्या मध्यात असे निर्णय होऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते.

अंतराचा नियमही दुधारी आहे. केंद्राच्या २००६ च्या दुरुस्तीनुसार दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर हवे. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर हवाई अंतर केले. नवा कारखाना काढणाऱ्याला एक कोटी रुपयांची बँक हमीही द्यावी लागते, म्हणजे कागदावरचा प्रकल्प दाखवून कुणी जागा अडवून बसू नये. कर्ज देणाऱ्या बँकेला हा नियम हवाच असतो, कारण त्यामुळे उसाची खात्री राहते. शेतकऱ्याला मात्र काटा निवडायची मोकळीक तेवढी कमी मिळते. झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, १९९७ मध्ये उठल्याने तो ऊस कुठेही घालू शकतो हे खरे, पण चाळीस किलोमीटर वाहतुकीचा खर्च शेवटी त्याच्याच बिलातून जातो.

भाग बाजारातून पैसे

भांडवलाची आणखी एक वाट आहे, आणि ती सीमाभागातल्या एका उदाहरणातून चांगली कळते. विद्या मुरकुंबी आणि नरेंद्र मुरकुंबी यांनी १९९८ साली श्री रेणुका शुगर्स सुरू केली आणि बेळगाव जिल्ह्यात मुनोळी इथे कारखाना उभारला. परिसरातल्या ऊस उत्पादकांनाही भागधारक करून घेतले. २००५ मध्ये कंपनीने लोकांना भाग विकून भांडवल उभे केले. भागभांडवलाला हप्ता नसतो, त्यामुळे वाढीसाठी हा पैसा उत्तम. २०१० च्या सुमारास कंपनीने ब्राझीलमध्ये कारखाने घेतले आणि त्यासोबत मोठे कर्ज आले. नंतर साखरेचे जागतिक भाव उतरले आणि ब्राझीलचे चलन घसरले. २०१५ मध्ये तिथल्या उपकंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. सिंगापूरची विल्मर कंपनी २०१४ मध्ये भागीदार झाली होती, तिच्याकडे २०१८ मध्ये बहुसंख्य हिस्सा गेला. कारखाने चालू राहिले, मालकी बदलली. मोठ्या कंपनीलाही भाव, पाऊस आणि कर्ज एकाच वेळी उलटले की वाचवू शकते ते फक्त नवे भांडवल.

पैसे बुडायला आले तर रांगेत शेतकरी कितवा?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. १४ दिवस उलटून गेले, बिल आले नाही, तर कायदा काय देतो?

पहिले, व्याज. त्याच ऊस नियंत्रण आदेशानुसार उशिरावर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे आहे. टनाला ३,००० रुपये ६० दिवस थकले, तर व्याज सुमारे ७४ रुपये होते. शंभर टनांना ७,४०० रुपये. प्रत्यक्षात हे व्याज फार थोडे लोक मागतात. उलट उसाचे पैसे वेळेत न आल्याने पीककर्जाची मुदत हुकते आणि वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजसवलतही जाते, तो तोटा वेगळाच.

दुसरे, आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र. पुण्याचे साखर आयुक्त ते काढतात आणि जिल्हाधिकारी शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे कारखान्याची साखर, मळी, मालमत्ता जप्त करून पैसे वसूल करू शकतात. तिसरे, गाळप परवाना. राज्याच्या १९८४ च्या आदेशानुसार दर हंगामाला तो आयुक्तांकडून घ्यावा लागतो, आणि मागचा एफआरपी थकवलेल्याचा परवाना अडवता येतो. माझ्या मते हे तिसरे हत्यार पहिल्या दोन्हींपेक्षा धारदार आहे, कारण ते कारखाना चालू असताना, म्हणजे देण्याची ताकद शिल्लक असताना वापरता येते.

कारण आरआरसीची वेळ येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. जप्त करायला गेले तर साखर बँकेकडे गहाण आणि जमीन-यंत्रेही बँकेकडे गहाण. मग आधी कोण? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कर्नाटकातल्या सिरिगुप्पा शुगर्सच्या प्रकरणात सांगितले की गहाण पडलेल्या साखरेवर पहिला हक्क बँकेचा. ऊस आयुक्तांनी मागितलेली उसाची बाकी आणि कामगारांची देणी त्यानंतर. २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची थकबाकी बँकेच्या गहाण साखरेवरूनही आधी वसूल होईल. म्हणजे त्या गोदामापुढची रांग अशी : भविष्य निर्वाह निधी, मग बँक, आणि मग ज्याच्या उसाची ती साखर आहे तो शेतकरी.

हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागे तर्क आहे. बँकेला पहिला हक्क नसेल तर ती तारणावर उचलच देणार नाही, आणि मग चौदाव्या दिवशी कुणालाच काही मिळणार नाही. शेतकऱ्याचे संरक्षण रांगेतल्या जागेत नाही. ते वेळेत आहे. १४ दिवस पाळले गेले तर त्याला रांगेत उभेच राहावे लागत नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला, तेव्हा शेतकरी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. वरवर ती किरकोळ सोय होती. हिशेबाने पाहिले तर ती शेतकऱ्याकडून बिनतारण कर्ज घेण्याची मुदत वाढवणारी होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

नोंद देण्याआधी

साखर आयुक्तालय हंगामात दर पंधरवड्याला कोणत्या कारखान्याने किती एफआरपी दिला याचा तक्ता प्रसिद्ध करते. २०२१ मध्ये तर पैसे देण्याच्या सवयीनुसार कारखान्यांची रंगांत वर्गवारी करून यादी जाहीर झाली होती. सहकारी कारखान्याचा वार्षिक अहवाल ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदाच्या हातात येतो. खासगी कंपनीचे ताळेबंद कंपनी निबंधकाकडे असतात आणि ठरावीक शुल्क भरून कुणालाही पाहता येतात.

उसाची नोंद देताना आपण दर विचारतो. त्यासोबत आणखी विचारा : मागच्या तीन हंगामांत चौदा दिवस किती वेळा पाळले गेले? कारखान्याचे नक्त मूल्य अधिक आहे की उणे? पोत्यामागे जुन्या कर्जापोटी किती कापले जाते? दुसऱ्या कारखान्यापेक्षा टनाला शंभर रुपये कमी देणारा पण चौदाव्या दिवशी देणारा कारखाना, जास्त दर जाहीर करून सहा महिने थकवणाऱ्यापेक्षा सरस आहे. आणि बिल उशिरा आले तर १५ टक्के व्याजाची मागणी लेखी करा, पोच घ्या, एक प्रत साखर आयुक्तालयाला पाठवा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे.